स्पीकरला गोधड्या

हॅलो?… हां, बोला! कधीची वाट बघतेय. झाली का कंपनीत चहाची सुट्टी?… बरं, मग आधी ऐका. आले! स्पीकर आले!… दोन्ही जोड्या. तुमचे ते उंच, अन् मी म्हणत होते ते लहान. दुकानाचे वरदभाऊ स्वतः टेम्पोतून घेऊन आलेत नगरहून.

…छे हो, विकत कुठं! पितृपक्षात नवी वस्तू घेतली तर आई मला घरात ठेवतील का? नुसते ऐकायला आणलेत. आज ठरवायचं, घट बसले की घ्यायचे.

…सांगते ना! आधी तुमचे उंच लावले. अन् जो काय कल्ला झाला… एक शब्द कळेना. पाण्याच्या टाकीत तोंड घालून कुणी ओरडावं तसं. नवं घर, खाली फरशी, समोर काच, ओट्यापासून दारापर्यंत मधे भिंत म्हणून नाही… हो, हो, मीच म्हणाले होते सगळं मोकळं ठेवू. ते आत्ता नका उकरून काढू. आई काय कमी बोलल्या? ‘हे घर हाय का मंगल कार्यालय? दसरा झाला की मी आपली खर्ड्याला माझ्या सूर्यभानकडं जाते. कायमची.’

…हो, परत तेच. अन् पिशवी भरायलाच गेल्या आत. अहो, वरदभाऊंसमोर रडूच आलं मला. माझ्या हौसेपायी आई घर सोडणार म्हणजे…

…अहो ऐका ना, पुढं ऐका! घटाआधीचं धुणं काढलंय ना. गच्चीवर वॉटरप्रूफिंग ओलं, अंगणात खडी. मग कामाच्या बनुबाईंनी काय करावं? अर्ध्या वाळलेल्या सगळ्या गोधड्या आणून हॉलमध्ये टांगल्या! जिन्याच्या कठड्यावर, सोफ्यावर, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरी… हसू नका! परका माणूस समोर अन् घराचा धोबीघाट. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेवढ्यात वरदभाऊंनी लहान स्पीकर लावले, अन्… काय सांगू! टाळ वेगळा, पखवाज वेगळा, बुवांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला! मी नाचायचीच राहिले. म्हटलं, हेच! ठरलं!

…हो ना, मलाही नंतर कळलं. वरदभाऊंना वाट द्यायला बनुबाईंनी दोरी सोडली, की लागला हॉल परत घुमायला!… गोधड्या हो, गोधड्या! सगळा घुमारा पिऊन टाकतात.

…थांबा, खरी गंमत पुढंच आहे. भजन ऐकून आई बाहेर आल्या. ओट्याशी बसल्या अन् म्हणतात, ‘मला हितं काय बी ऐकू येईना. सोफ्यावरच्यांनीच ऐकायचं व्हय?’ मग गोधड्या टांगून परत उंच लावले. अहो, पार ओट्यापर्यंत खणखणीत!… हो, तुमचेच. तुमचेच घ्यायचे. झालात खूश?

…आता? आता आई टाळ्या वाजवत हॉलभर फिरतायत… खरंच! टाळी वाजवायची, कान द्यायचा, घुमलं की ‘हितं लाव गं एक गोधडी!’ वरदभाऊ शिडीवर, बनुबाई खाली… नाही हो, हसत नाहीये मी. रडतेय. आनंदानं.

थांबा हं… काय आई? हो, तुमच्या लेकाचाच… बरं, सांगते.

अहो, आई म्हणतात, सूर्यभान भाऊजींना फोन करा… नाही, नाही, न्यायला नका बोलावू! आईंची जुनी लुगडी आहेत तिथं, ती सगळी पाठवून द्या म्हणावं. भिंतींना नव्या गोधड्या शिवायच्यात. ‘एवढं मोठं घर हाय, दोन-तीन वर्सं तरी हलायला येत न्हाई मला,’ म्हणाल्या.

…हो. अस्संच म्हणाल्या.

…हॅलो? अहो?… तुम्हीपण रडताय की काय?

…बरं, बरं. वाजला ना भोंगा? डोळे पुसा अन् जा आत. ठेवते.