आत दोन बोटं

काय सांगू तुमाले, मी मूळची भातकुलीची, खाऱ्या पान्याची. आमच्याकडचं पानी असं खारं का माही माय भाजीत मीठ टाकाचंच इसरून गेली होती. बाप भाजी विके, आन् मी शिवनक्लासले जाओ, संगं माही मैतरीन पुष्पी. दोघीत एकच मशीन, ती पाय मारे, मी कापड सरकवो, आन् त्या मशीनचा आवाज असा का तिकडं बडनेऱ्याचे लोक गाडी आली म्हनून पिशव्या उचलत. खोटं वाटते? जाऊन इचारा, कोनी कबूल करनार नाई, तो भाग येगळा.

तं क्लासच्या बाईनं पयल्याच दिशी सांगतलं, बाईचा कपडा शिवला का शिवनीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडाचं. बाई बाळंत होते, बाई अंगानं भरते, उसवलं का कपडा मोठा झाला पायजे. आमच्या इकडं लग्नातला ब्लाउज दोन लेकरं झाल्यावरबी अंगात जाते तो याच्यानंच.

पुष्पी लग्न होऊन अकोल्याले गेली, मी अमरावतीले. मंग एक दिस आली आन् म्हने, नले, सारं जग कपडे घेऊन राहिलं आन् फेकून राहिलं, आपन असे करू का फेकाच लागनार नाई. हातमागाचं कापड, शिवनाऱ्या बाईले पोटभर मजुरी, आन् आत दोन बोटं, कधीबी आना, फुकट मोठा करून देऊ. म्या म्हनलं, पुष्पे, हे तं आपन करूनच राहिलो ना वो. ती म्हने, हो, पन सांगून नाई राहिलो.

सांगनं तिचं, शिवनं माहं. तिचं तोंड असं का बाळापूरच्या किल्ल्याले सरक म्हनलं असतं तं सरकला असता. अमरावतीत खोली घेतली, तिवशाच्या, भातकुलीच्या बाया शिवाले आल्या. हरेक कुर्त्याच्या गळ्यात कापडाची पट्टी, तिच्यावर माहा हासरा फोटो, खाली छापेल, हे मी शिवलं, आत दोन बोटं जागा ठेवली. पुन्या-मुंबईच्या बाया तो फोटो पाहून रडत म्हने. एकीनं तं कुर्ता देवघरात ठेवला.

मंग एका मोठ्या दुकानवाल्याची मागनी आली. त्यानं पुष्पीले म्हनलं, ते दोन बोटं कापून टाका, आतलं कोन पाहते? पुष्पी आली, माह्याकडं न पाहता म्हने, नले, काम आता कारखान्यात जाईन. आन् आपल्या बाया? म्या इचारलं. म्हने, थांबतीन थोडे दिस. आन् दोन बोटं? म्हने, आता कोनी उसवत नाई वो, नवाच घेते. मंग कुर्त्यावरून माहा फोटो काढून टाक, म्या म्हनलं. तं हासली. बइन, म्हने, तुह्या थोबाडावरच तं धंदा चालते!

काम गेलेल्या त्या बाया अजूनबी बाजारात मले पाहून तोंड फिरवते. कपड्यावर फोटो माहा, त्यायले वाटते मीबी सामील हाये.

मांगच्या मयन्यात एक बाळंतीन पोरगी माह्या घरी आली, संगं तिची माय. काकू, तुमीच ना ह्या फोटोतल्या? माहा आवडीचा कुर्ता हाये, मोठा करून द्या. म्या उसवला. आत काईच नाई, शिवन कापडाच्या काठालेच चिकटेल. पोरगी एकडाव फोटो पाहे, एकडाव मले. तिची माय म्हने, काहून वो बाई, लिहून देता आन् आत ठनठन? फोटोत तं लय हासून राहिली! आता म्या शिवलाच नाई म्हनलं असतं तं कोनं आयकलं असतं? माहंच तोंड माह्या हातात हासून राह्यलं होतं.

घरच्या लुगड्याच्या पट्ट्या टाकल्या दोन्ही बगलेत. रंग जुळला नाई, पन पोरगी मावली. मंग फोटोची पट्टी काढाले कैची लावली, तं पोरगी म्हने, राहू द्या ना काकू, ते पाहूनच तं घेतला होता म्या.

राहू देल्ली.

पुष्पी मोठमोठ्या सभेत बोलते आता, नलूताई आमचा आत्मा हाये म्हने. बोलो बापा. देव तिले सुखात ठेवो, खाऊ-पिऊ घालो, चांगली अंगानं भरू दे. आन् ज्या दिशी कुर्ता तंग होईन ना, त्या दिशी तिच्या अंगावर तिच्याच कारखान्यातला असो.