ताईचा तिरपा ‘ए’

छापील इंग्रजीतल्या छोट्या ‘ए’ला डोक्यावर छत असतं ना, अक्षर तिरपं झालं की ते छत कुठं जातं? प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवणाऱ्या कल्पनाताईला मी शंभरदा विचारलं. ती नुसती हसायची. मग ताई गेली.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला आदरांजलीच्या, कार्यक्रमासाठी तिच्या फोटोखाली ‘Kalpana’ असं तिरप्या अक्षरांत टाकायचं होतं. प्रेसमधल्या ऑपरेटरनं सरळ अक्षरंच ढकलून वाकवली!

“हे खोटं आहे गा! छत तसंच आहे!”

“नववी नापास तू, मले शिकवून राहिला का?”

“नापास आहो, पण तिचा भाऊ आहो!”

माऊस हिसकावला, ताई रोज निवडायची तो फॉन्ट शोधला आणि तिरप्या अक्षरांचं बटण दाबलं. काय सांगू, तिन्ही ‘ए’ बिनछताचे, गोल, पळत सुटल्यासारखे!

प्रिंट मीच फ्रेममध्ये बसवली आणि शर्टानं काच पुसली.