ताटात ठेवायचं आणि गप्प बसायचं

...आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात काय, तर जबरदस्ती अजिबात करायची नाही, ताटात ठेवायचं आणि गप्प बसायचं. आता तुम्हीच सांगा, मी तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय, सकाळी सहापासून तोंड चालू, क्लच सोडा, आरशात बघा, तो सायकलवाला तुमच्या नात्यातला नाही, त्याला भेटायला जाऊ नका... आणि अशा माणसाला म्हणायचं, गप्प बसा.

थांबा, नातीचं सांगायचं राहिलंच. सव्वादोन वर्षांची आहे. घरात तिला इन्स्पेक्टर म्हणतात, कारण ताट समोर आलं की आधी पाहणी होते, मग चौकशी, मग बहुतेक वेळा जप्ती. चार गोष्टी खाते. पांढरा भात, दूध, केळं आणि कडा काढलेला पाव. सगळं पांढरं, पण शरणागती म्हणून नाही हं. आमची मुलगी तिला आमच्याकडे सोडून कामावर जाते, मी अकरापर्यंत शिकवण्या उरकून घरी येतो, म्हणजे दुपारचं जेवण आमच्या गळ्यात. तर मध्यंतरी दवाखान्यात तिला वजनकाट्यावर बसवलं, आणि काटा चार महिन्यांपूर्वी जिथे होता तिथेच. मुलगी नुसती त्या काट्याकडे बघत राहिली. म्हणून डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. रोज एक नवा पदार्थ, अगदी नखाएवढा. दहा वेळा नाकारेल, पंधरा वेळा नाकारेल, आपण ताटात ठेवायचं आणि गप्प बसायचं.

पहिल्या दिवशी गाजराची एक चकती ठेवली. मी गप्प. इन्स्पेक्टरनं चकती उचलली, उजेडात धरून बघितली, आणि माझ्या ताटात आणून ठेवली. "तुजं." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी माझा बांध फुटला... अहो, फुटणारच ना. मी चमचा घेतला आणि चालू झालो, पहिला गिअर, दुसरा गिअर, वळण, हॉर्न, गॅरेजचं दार उघडा. आणि काय आश्चर्य, दार उघडलं. गाडी आत गेली. मी आमच्या हिच्याकडे असं बघितलं, की याला म्हणतात अनुभव. पुढे पाऊण तास ते गाजर गालात तसंच. ती खेळली, गाणं म्हणाली, झोपली, आणि उठल्यावर गाजर उशीवर निघालं, जसंच्या तसं, तुम्ही परत बाजारात नेऊन विकलं असतं.

मग मी शहाणपणा केला. शिकवताना कसं, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, शिकणाऱ्यानं कितीही घोळ घातला तरी गाडी माझ्या हातात. इथे ब्रेक नाही. म्हणून मी भोपळा उकडून, अगदी लोण्यासारखा घोटून, भातात लपवला. एक घास गेला... आणि ती थांबली. माझ्याकडे जे बघितलं ना तिनं, तसं मी आयुष्यात फक्त वाहतूक पोलिसाला बघताना पाहिलंय. ताट सरकवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून भातही बंद. म्हणजे चाराचे तीन झाले, तेही माझ्या हुशारीनं.

दोन दिवस भाताला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी न्यायला आली तेव्हा आमच्या हिनं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, मी पहिलीत होते. भोपळ्याचीच भाजी होती. तुम्ही म्हणालात, ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. मी दिवे लागेपर्यंत याच टेबलाशी बसले होते. अजून भाजीवाल्याकडे भोपळा कापलेला असला ना, की मी पलीकडून जाते."

मला आठवेना. खरं सांगतो, डोकं खाजवलं तरी आठवेना. शेवटी मी म्हणालो, "अगं, आमच्या वेळी तसंच होतं, ताटात पडेल ते सगळे खायचे."

तर आमची ही आतून म्हणते, अगदी शांतपणे, भांडी पुसता पुसता, "सगळे म्हणजे कोण? तुमच्यासाठी त्या दिवशी मी बटाटा वेगळा केला होता. भोपळा तुम्हाला चालत नाही. वांगं चालत नाही. पालक नाही, दोडका नाही, मुळा नाही. छत्तीस वर्षं मी दोन भाज्या करते."

इन्स्पेक्टर कुणाच्या वळणावर गेली ते कळलं सगळ्यांना. मी गप्प बसलो. डॉक्टरीणबाईंना हवा होता तसा.

दुसऱ्या दिवशी मुलीनं सुट्टी घेतली. चार ताटं मांडली, चारीत भोपळा. भात वेगळा, उघडा, कुणी काही लपवलेलं नाही. मुलीनं श्वास रोखून एक फोड तोंडात टाकली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी टाकली. चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण इन्स्पेक्टर पहिल्यांदाच जेवणात रस घेऊन बघत होती. जेवणात म्हणजे माझ्या. त्या दिवशी तिनं भात खाल्ला, भोपळ्याला हात लावला नाही. आम्ही आपलं रोज ताटात ठेवायचं आणि गप्प बसायचं. पाचव्या दिवशी बोट लावलं. आठव्या दिवशी चाटून परत ठेवला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाटणंही मोजतात. आणि अकराव्या दिवशी, रविवार होता, मुलगीही जेवायला होती, कुणाचं लक्ष नाही असं बघून, अर्धी फोड खाल्ली. लक्ष सगळ्यांचंच होतं, आम्ही आपले छताकडे बघत होतो. मुलगी उठून फ्रीज उघडून उभी राहिली, बराच वेळ, आत काही शोधत नव्हती.

महिन्यानं काटा तीनशे ग्रॅम पुढे सरकला. मुलगी भोपळा विकत घेते आता, खात नाही फारसा, पण घेते. आमच्या घरी एकच भाजी शिजते, हिचा अर्धा तास वाचतो, हल्ली ती दुपारी पेपर वाचते.

आणि मी... तुम्हाला म्हणून सांगतो. परवा पातेल्यात थोडा उरला होता, तो मी उभ्याउभ्याच संपवला. बरा लागतो हो भोपळा. चांगलाच लागतो. पण छत्तीस वर्षांनंतर हे हिला सांगायचं कुठल्या तोंडानं?