चढावर खोकणारं इंजिन

आधी तक्रार लिहा, नाव-गाव मग. माझ्या गाडीचं इंजिन मला न विचारता काढलं आणि भंगारात दिलं. वर गाडी धुराच्या तपासणीत पास झाली, म्हणून मी खूश व्हावं असं मेस्त्रीचं म्हणणं आहे.

नाव : ओळखपत्रावरून उतरवून घ्यावे. गल्लीत 'करवत' म्हणतात. वय : सत्तरीच्या पुढे. धंदा : घरकाम, रजा नाही. राहणार : चढावरची गल्ली, शेवटचं घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर गाडी आमच्या यजमानांची. ते गेल्यावर माझ्या नावावर झाली. मुलगी ती घेऊन कामाला जाते. यंदा गाडी धुरापायी नापास झाली. मेस्त्रीने तीन वाटा सांगितल्या : कार्बोरेटर नवा घालायचा, धूर गाळणारा सायलेन्सर लावायचा, नाहीतर अख्खं इंजिनच बदलायचं. सायलेन्सरने आवाज बदलेल का, असं मी विचारलं. थोडा बसेल म्हणाला. मग तो नको, नुसता कार्बोरेटर घाल, इंजिनाला हात लावू नकोस, असं मी बजावलं.

"आजी, त्या इंजिनात काय पुरून ठेवलंय?"

"तुझी अक्कल," मी म्हटलं.

सदर इंजिन चढाच्या वळणावर दोनदा खोकायचं, मग दम धरून वर यायचं. खोकलं की मी चहा टाकत असे. यजमान होते तेव्हा टाकत असे, नंतरही टाकत असे. सवय आहे, दुसरं काही नाही. आता गाडी मांजरासारखी येते. मुलगी दारात उभी राहिली की कळतं. चहा टाकलेला नसतो.

मी इंजिन मागायला गॅरेजवर गेले, मुलगी सोबत होती. काढलेला माल गॅरेजचा, असा त्यांच्यात रिवाज आहे म्हणे. रिवाज तुझ्या घरी, असं मी सांगितलं. तेव्हा तो म्हणाला की अख्खं इंजिन बदला असा फोन मुलीनेच केला होता. माल अजून फोडलेला नाही म्हणतो, पण कुठल्या भंगारवाल्याकडे दिला ते सांगत नाही.

मुलीला मी तिथेच विचारलं. ती म्हणाली, "आई, तो आवाज आला की तू धावत दार उघडायचीस. आणि मी दिसले की तुझं तोंड उतरायचं. रोज."

पुढे काय घडलं असं हवालदारांनी विचारलं. पुढे काही घडलं नाही. आम्ही इकडे आलो. ती बाहेर बाकावर बसली आहे.

इंजिन मला घरी आणून मिळावं. गाडीत परत बसवायचं नाही. मागच्या दारी ठेवीन.

लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षर तुमचं, तोंड माझंच. बरोबर आहे, सही करते. इंजिन कुठे आहे ते मेस्त्रीला विचारा. मुलीला आत बोलवायचं नाही. तिला उत्तर मी द्यायचं आहे.