दुखतंय कुठं, कौशे?

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. देह देवानं दिला ना? सगळा दिला ना? मग त्यातली एखादी जागा दुखली, तर सांगायची लाज कसली? — माना डोलावताय! थांबा, आधी कौशीचं ऐका.

कौसल्या लोंढे. वय वर्षं अठरा. वडाळीच्या मुलींच्या कबड्डी संघातली पहिली चढाई हिची! जिल्ह्याची अंतिम लढत दोन दिवसांवर आलेली, आणि ही सरावात बोनस रेषेकडे पाय ताणून गेली — जांघेत कट्‌कन झालं! डोळ्यांपुढे काजवे!

प्रशिक्षक इंगवले सर धावत आले. "दुखतंय कुठं, कौशे?"

आता सरांना जांघ कशी सांगायची? भोवती निम्मं गाव! ती म्हणाली, "पोटरीत गोळा आलाय, सर."

झालं! सगळे लागले पोटरीच्या मागं! कुणी तेल चोळतंय, कुणी बाम लावतंय. पोटरी बिचारी ठणठणीत — म्हणत असेल, मी काय केलं? हसू नका! इकडे कौशीला कूस बदलवत नव्हती. मनात एकच — मी नसले तर संघाचं काय?

सामन्याच्या सकाळी टेम्पोत चढायला तिनं पाय उचलला... उचलेचना! तिची आई, सुलाबाई, डबा घेऊन आली होती.

"पोटरी म्हनतीस, आन् हात जांघंवर का गं?"

कौशीला रडूच फुटलं. "आई, सरांना नको ना सांगू!"

"आन् उद्या चालता न्हाई आलं, मग कुनाला सांगू?"

तशीच धरून तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी दाबून पाहिलं, गुडघ्यांमध्ये मूठ धरून म्हणाल्या, "दाब." कौशी कळवळली. बाई हसल्या! "स्नायूचे थोडे धागे फाटलेत, पण स्नायू तुटलेला नाही. विश्रांती घे, सांगते तो व्यायाम कर. महिना-दीड महिन्यात मैदानावर जाशील. आज खेळली असतीस, तर मात्र सहा महिने घरी!"

"परत खेळेन? नक्की?"

"नक्की!"

मंडळी, छातीवरची धोंड उतरली! दोन दिवस घास न गिळलेली पोर — दवाखान्याच्या ओट्यावर बसून तिनं डब्यातल्या चारही भाकऱ्या संपवल्या!

मग मैदानावर गेली, सरांपुढं उभी राहिली. "सर, पोटरी नव्हती. जांघ होती."

सरांनी तिला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "माझीही जांघच होती गं. मी कंबर सांगितली! महिनाभर कंबर शेकत बसलो... आणि माझा खेळ तिथंच संपला. तू वेळेत बोललीस, पोरी!"

सामना? हरले! तीन गुणांनी. कौशी बाकावरून घसा बसेपर्यंत ओरडली. पण सहाव्या आठवड्यात ती चढाईला गेली, पाय ताणला, रेषा ओलांडली, परत आली — आणि काही दुखलं नाही! मैदानातच खो खो हसत सुटली.

आता तुमच्याकडे वळतो. अहो बापहो, मागं सरकू नका! तुमची लेक तुम्हाला असं सांगू शकेल? लाज पोरीची म्हणता. ती शिकवली कुणी? आज घरी गेलात की तिच्याजवळ बसा. विचारा. आणि ती बोलेपर्यंत — तो मोबाईल खाली ठेवा!