सुनेला विचारलेला प्रश्न

हॅलो?… हो, नाजमीन मॅडमच. देवपूरहून, नर्सिंग कॉलेजातून… कोण? ज्योतीच्या सासूबाई? बोला ना मंजुळा अक्का… अहो, हळू, हळू. काय व्हयनं?

हो, ते प्रश्न आम्हीच काढलेत. काल तुमच्या आरोग्य केंद्रात आशाताई विचारत होत्या, सुनंदाबाई, तेच… हो, 'मरून जावंसं वाटतं का' हेही विचारतो… नाही हो, भलतंसलतं डोक्यात कशाला भरवू? सगळ्याच लेकुरवाळ्यांना विचारतो. संशोधन आहे आमचं… नाही अक्का, ती काय म्हणाली ते नाही सांगता येणार. तुम्ही सासू असलात तरी…

का, काही बोलली का ती?… गप्प आहे? कालपासून?… आत्ता कुठंय?… माहीत नाही म्हणजे? अक्का, उठा. मागच्या खोलीत बघा आधी. फोन तसाच राहू द्या… अक्का?… हॅलो? या अल्लाह… हॅलो?

गिरणीवर? नक्की ना?… शेजारीण म्हणाली? हाऽऽ… जीव टांगणीला लावलात हो माझा.

काय?… 'हो' म्हणणारीचं काय करतो? अहो, काही नाही. डॉक्टर बोलतात, गोळ्या लागल्याच तर केंद्रातच देतात… वेडी कोण म्हणतंय?… गावात बोभाटा कशाला होईल?… तुम्हाला का नाही विचारलं? तुम्ही त्यात बसत नाही अक्का. आमचा अभ्यास लेकुरवाळ्यांचा…

अक्का?

…हे ज्योतीसाठीच विचारताय ना?

बोला. हॅलो?… रडा, रडा, पण फोन ठेवू नका… कधीपासून?… मालक वारल्यापासून? अन् डोकं दुखतं म्हणून केंद्रात जायच्या, गोळी घेऊन परत यायच्या?… कोणीच नाही विचारलं…

दार लावलंय? का लावलंय?… हातात काय आहे तुमच्या?… अक्का, घाबरले हो मी. ते तिथंच ठेवून द्या. काही खाल्लं-प्यायलं नाही ना?… गळ्याशपथ?… थांबा हं — पुनम! दुसऱ्या फोनवरून सुनंदाबाईंना लाव. म्हणावं, गिरणीवरून ज्योतीला घ्या अन् घरी पळा. पळत! — नाही, नाही, कुठं नाही गेले. मी शे ना…

कडी काढा आता. अडकलीय? फोन खाली ठेवा, दोन्ही हातांनी ओढा. मी मोठ्यानं बोलते. अक्काऽ! ऐकू येतंय?… ओढा… हां, निघाली. या बाहेर ओट्यावर. बसा. सकाळी काय रांधलं होतं?… कळण्याची भाकरी? अन् सोबत?… मग खाल्ली का नाही?… बोला, काहीही बोला. बठ्ठं, सगळं सांगा…

कोण आलं?… ज्योती! हो, मॅडमच. आधी त्यांना धर. आत जे ठेवलंय ते सुनंदाबाईंना उचलायला सांग… उचललं? बरं. मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करते. आजच दाखवायचं… तू का गप्प होतीस गं कालपासून?… काय?… सासूबाईंचं तू कालच सांगितलं होतंस? मग?… 'दुसऱ्याचं नको, फक्त स्वतःचं सांग' म्हणाल्या सुनंदाबाई?

नाही, त्यांच्यावर नको चिडूस. तसं विचारायला मीच शिकवलंय त्यांना… ज्योती, तू नको रडूस. मी निघालेच. तोवर अक्कांचा हात सोडू नको… हो, दळण राहू दे गिरणीवरच. ठेवते.