उंदरांची परीक्षा आणि अप्पा

हसू नका, पण उंदरांसाठी केलेली परीक्षा परवा आमच्या अप्पांनी दिली, म्हणजे वडिलांनी.

मी धारवाडच्या लॅबमध्ये उंदरांच्या मेंदूत, अगदी आत, बारीकसा स्ट्रोक घडवते. पंचाईत अशी की उंदीर नंतरही धावतो, खातो, चावतोसुद्धा. म्हणून त्याला दाणा द्यायचा आणि कुठला पंजा पुढं येतो ते बघायचं. शेवटी मारून मेंदू तपासायचा.

नाश्त्याला अप्पा मला चिडवत होते, "धावतोय, खातोय, मग तो आजारी कुठला गं?" आणि त्यांनी मूठभर शेंगदाणे पुढं केले. डाव्या हातानं! दुर्गदबैल बाजारातल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला डाव्या हातानं कापड दिलं म्हणून गड्यावर ओरडणारा हा माणूस!

"अप्पा, उजव्या हातानं द्या."

"तो सकाळपासनं जड झालाय. झोपेत अंगाखाली आला असेल."

मला बसवेना. चहा तसाच टाकून रिक्षा बोलावली. केशवापूरचं हॉस्पिटल येईपर्यंत ते ओरडत होते, "मी काय तुझा उंदीर आहे?"

स्कॅनमध्ये खोल आत एक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलंत, बरं झालं."

 अप्पा खाटेवरून हळूच म्हणाले, "त्या उंदरांचं पुढं काय करता गं?"

"बरं वाटलं की घरी सोडतो, अप्पा."